कच्चं की शिजवलेलं, हे नंतर. आधी कॅल्शियम मोजा

कराडहून एका वाचक ताईंनी लिहिलं आहे:

'आमच्याकडे जर्मन शेफर्डचा नर आहे. चौदा आठवड्यांचा, वजन १३ किलो. ब्रीडर म्हणाला, पाकिटातलं खाणं बंद करा, कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला कच्चं द्या. गेले तीन आठवडे रोज ७०० ग्रॅम बिनहाडाचं कच्चं चिकन देतोय, मिळाल्या तर कोंबडीच्या पाच-सहा माना, आणि रविवारी मटणवाल्याकडे फुकट मिळतं ते फुप्फुस-कलेजीचं कटिंग. कान उभे राहावेत म्हणून कॅल्शियमचं सिरप दिवसातून दोनदा. आता त्याचे पुढचे पाय मनगटाशी खाली बसल्यासारखे दिसतात, बोटं फाकलीत. घरात चार वर्षांची मुलगी आहे, सासरे मधुमेही आहेत. सिरप वाढवू का? हाडं किती द्यायची? की कच्चं बंदच करू?'

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करू. हो, कच्चं बंद करा, निदान तो सव्वा वर्षाचा होईपर्यंत. सिरपही आजच बंद. आणि ते फुकटचं कटिंग तर पुन्हा घरात आणूच नका. त्याचं कारण वेगळं आहे आणि ते कुत्र्यापेक्षा तुमच्या मुलीशी जास्त निगडित आहे, त्याकडे पुढे येतो. पण 'कच्चं वाईट, शिजवलेलं चांगलं' इतकं हे सोपं नाही. हेच ७०० ग्रॅम चिकन तुम्ही उकडून दिलं असतंत, तरी हाडांचा प्रश्न जिथल्या तिथे राहिला असता.

हिशेबच करून बघा. मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर पुरे. पिल्लाचं वजन तीनदा गुणा: १३ × १३ × १३ = २१९७. त्याचं वर्गमूळ काढा, आलेल्या आकड्याचं पुन्हा वर्गमूळ काढा: ६.८५. त्याला ७० ने गुणा: साधारण ४८०. इतक्या कॅलरी नुसतं पडून राहायला लागतात. चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला याच्या जवळपास तिप्पट लागतं, म्हणजे तुमच्या पिल्लाला आज दिवसाला १४०० कॅलरींच्या आसपास. पुढे हळूहळू हे प्रमाण दुपटीवर येतं.

आता कॅल्शियम. पशुखाद्याची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या 'ॲफको' या संघटनेनं वाढत्या पिल्लांसाठी दर १००० कॅलरींमागे किमान ३ ग्रॅम कॅल्शियम सांगितलं आहे. मोठेपणी ७० पौंड, म्हणजे साधारण ३२ किलो किंवा त्याहून जास्त भरणाऱ्या जातींसाठी वरची मर्यादा ४.५ ग्रॅम आहे. जर्मन शेफर्डचा नर सहज तिथवर जातो. म्हणजे तुमच्या पिल्लाला रोज ४.२ ते ६.३ ग्रॅम कॅल्शियम हवं. १०० ग्रॅम बिनहाडाच्या चिकनमध्ये ते असतं १० ते १५ मिलिग्रॅम. ७०० ग्रॅममध्ये जेमतेम एक दशांश ग्रॅम. चाळीस रुपये लागतात तिथे एक रुपया, असा हा मामला आहे. त्यात चिकनमधला फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो, आणि हाडं बनताना या दोघांचं प्रमाण १:१ ते २:१ च्या आत राहावं लागतं.

खाण्यातून कॅल्शियम आलं नाही, की शरीर ते हाडांतून उचलतं. हृदय आणि स्नायू चालायला रक्तातली कॅल्शियमची पातळी सांभाळावीच लागते. त्यासाठी पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांची तिजोरी फोडते. म्हणूनच अशा पिल्लाची रक्त तपासणी केली तर कॅल्शियम 'नॉर्मल' येतं आणि घरचे निर्धास्त होतात. खरी अवस्था दिसते एक्स-रेमध्ये: हाडाची बाहेरची भिंत कागदासारखी पातळ. अशी हाडं उडी मारल्यावर ओल्या फांदीसारखी वाकून मोडतात. नुसत्या मांसावर वाढवलेल्या मोठ्या पिल्लांत हे काही आठवड्यांत होऊ शकतं.

मग तुम्ही म्हणाल, माना देतोय की, सिरपही देतोय. नेमकं तिथेच पाणी मुरतंय. ज्या दिवशी माना मिळाल्या त्या दिवशी कॅल्शियम भरपूर, नाही मिळाल्या त्या दिवशी जवळपास शून्य, आणि वरून सिरप किती गेलं ते दोन्ही दिवशी सारखंच. मानेत हाड किती हे ती कातडीसकट आहे की सोललेली, यावर ठरतं. आठवडाभरात एकूण कमी गेलं की जास्त, हे तुम्हालाही सांगता येणार नाही आणि आम्हालाही.

जास्त झालं तर काय बिघडतं? मोठ्या माणसाच्या आतड्याला गरजेपुरतं कॅल्शियम घेऊन उरलेलं सोडून देता येतं. मोठ्या कुत्र्यालाही येतं. पण साधारण सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला हा नळ पुरता बंद करता येत नाही. समोर आलेल्यातला बराच भाग आत जातोच. नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या पशुवैद्यकीय शाळेत हाझेविंकेल आणि सहकाऱ्यांनी ग्रेट डेनच्या पिल्लांवर हे तपासलं. १९८५ साली ते प्रसिद्ध झालं. जादा कॅल्शियमवर वाढलेल्या पिल्लांत कूर्चेचं, म्हणजे मऊ कार्टिलेजचं, हाड होण्याची प्रक्रिया बिघडली, सांध्यातल्या कूर्चेत दोष आले. सिरपात बहुतेक वेळा ड जीवनसत्त्वही असतं, ते शोषण आणखी वाढवतं. लॅब्रॅडॉर, रॉटवायलर, शेफर्ड, डेन या जातींत जोम येण्यासाठी म्हणून दिलेलं कॅल्शियम पायावर पडतं ते असं. लहान जातींची पिल्लं यातून बरंचसं निभावून नेतात, मोठ्यांची वाढ इतकी झपाट्यानं होते की चुकीला जागाच राहत नाही.

जाता जाता दोन समजुती. एक, कोवळ्या उन्हात बसवलं की कुत्र्याला ड जीवनसत्त्व मिळतं. नाही मिळत. माणसासारखं कातडीत ते पुरेसं तयार करण्याची सोय कुत्र्यात नाही, ते खाण्यातूनच जावं लागतं. ऊन द्या, त्याला आवडतं म्हणून. दुसरी, जास्त प्रथिनांनी हाडं बिघडतात. डेनच्याच पिल्लांवर ते तपासून झालं आहे. दोष प्रथिनांचा निघाला नाही. दोष असतो जादा कॅल्शियमचा आणि जादा कॅलरींचा.

कच्च्या आहाराचे चाहते इथे ऐंशी-दहा-दहाचं सूत्र पुढे करतील: ८० टक्के मांस, १० टक्के हाड, ५ टक्के कलेजी, ५ टक्के इतर अवयव. नीट तोलून दिलं तर या सूत्रात कॅल्शियमचा आकडा साधारण जमतो, हे मान्य. पण बाकीचं वाचा. आपल्याकडे हे बहुतेक सगळं ब्रॉयलर कोंबडीवर चालतं, आणि कोंबडीत जस्त कमी: दिवसाला ३५ मिलिग्रॅम हवं तिथे किलोभर चिकनमधून त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतं. तांबं हवं ४.३ मिलिग्रॅम, कोंबडीच्या १०० ग्रॅम कलेजीत ते अर्धा मिलिग्रॅम असतं. बकऱ्याच्या कलेजीत कितीतरी पट जास्त, पण लोक पोटा-कलेजी आणतात ती कोंबडीची, आणि कागदावर आकडा वाचतात परदेशातल्या गायीच्या कलेजीचा. मँगनीज, ड आणि ई जीवनसत्त्व जवळपास नाहीच. आयोडीन घरातल्या मिठातून भागेल असं कुणी सांगितलं तर हिशेब करा: दुकानातल्या आयोडीनयुक्त मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन धरतात. पिल्लाला रोज ०.३५ मिलिग्रॅम हवं. म्हणजे २३ ग्रॅम मीठ. इतकं मीठ कुणी देणार नाही, देऊही नये. आठवडाभर कमी पडलं तर मोठा कुत्रा चालवून घेतो. महिन्याला चार किलो वाढणाऱ्या पिल्लाकडे तेवढी शिल्लक नसते.

आणि लांडग्याचं म्हणाल, तर लांडग्याचं पिल्लू सोलून, साफ करून, पिशवीत घातलेलं ब्रॉयलर खात नाही. आईबापांनी अख्ख्या सावजातून आणलेलं खातं: कातडं, रक्त, आतडी, सगळं.

आता फुकटच्या कटिंगकडे येऊ. बकरी, मेंढी, म्हैस यांच्या फुप्फुसात आणि कलेजीत कधीकधी पाण्यानं भरलेल्या पांढुरक्या गाठी असतात, वाटाण्यापासून लिंबाएवढ्या. खाटकाला त्या ओळखू येतात. तो भाग तो विकत नाही, बाजूला टाकतो. बहुतेक वेळा कुत्र्यासाठी म्हणून दिला जातो तो हाच. या हायडॅटिडच्या गाठी. कुत्र्यानं त्या कच्च्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात काही मिलिमीटरचे फीतकृमी वाढतात. ते शीमध्ये डोळ्यांना दिसत नाहीत, कुत्रा आजारी पडत नाही, तब्येत उत्तम दिसते. पण अंडी शीतून बाहेर पडतात, केसांना चिकटतात, आणि कुत्र्याला कुरवाळून हात तोंडात घालणाऱ्या मुलाच्या पोटात जातात. मग गाठी माणसाच्या यकृतात आणि फुप्फुसात वाढतात, वर्षानुवर्षं, आणि त्या काढायला बहुतेकदा शस्त्रक्रिया लागते.

तुमच्या बाजूनं एक गोष्ट आहे. फीतकृमी वाढून अंडी बाहेर पडायला साधारण पाच ते आठ आठवडे लागतात. तुम्ही तीनच आठवडे दिलं आहे. म्हणून याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन 'कच्चं फुप्फुस आणि कलेजी खाल्ली आहे' हे स्पष्ट सांगा आणि प्रॅझिक्वांटेल असलेलं औषध वजनाप्रमाणे घ्या. पिल्लांना सहसा देतात ते साधं जंताचं सिरप या कृमीवर चालत नाही, त्यामुळे 'जंताचं झालंय' एवढ्यावर थांबू नका. औषधानंतरचे दोन-तीन दिवस शी लगेच उचलून पिशवीत बांधून टाका, आणि मुलीचे हात साबणानं धुण्याबाबत जरा कडक राहा.

साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जुलाब लावणारे जंतू, हा यातला रोजचा भाग. चिकन 'समोर कापून ताजं' घेतलं म्हणून ते स्वच्छ होत नाही; जंतू कोंबडीच्या आतड्यातले असतात आणि त्याच ओंडक्यावर, त्याच सुरीनं सगळं उरकलेलं असतं. फ्रीझरमध्ये ठेवल्यानं साल्मोनेला मरत नाही, झोपतो. नळाखाली चिकन धुतलं तर शिंतोडे सिंकभर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर. कच्चं खाणारं धडधाकट पिल्लूसुद्धा हे जंतू शीतून आणि लाळेतून बाहेर टाकत असतं, स्वतःला काहीच न होता. घरात चार वर्षांचं मूल आणि मधुमेही ज्येष्ठ असताना हा धोका घ्यायला आमच्या मते काहीच कारण नाही. आहाराचा बाकी हिशेब अचूक जमवला असतात, तरी या घराला आम्ही कच्च्याला नाहीच म्हटलं असतं.

मग द्यायचं काय? मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं तयार खाणं, आणि वर थोडं घरचं. पोत्यावर फक्त 'पपी' लिहिलेलं पुरेसं नाही. 'लार्ज ब्रीड पपी' हवं, आणि मागच्या बारीक अक्षरांत वाढीच्या वयासाठी पूर्ण आहार असल्याचं, त्यात ७० पौंडांवरच्या कुत्र्यांचाही समावेश असल्याचं वाक्य असेल तर उत्तम. ते नसेल तर स्वतः मोजा. लेबलवर कॅल्शियम १.३ टक्के आणि किलोला ३८०० कॅलरी असतील, तर किलोत १३ ग्रॅम कॅल्शियम. १३ भागिले ३.८ म्हणजे दर १००० कॅलरींना ३.४ ग्रॅम. ३ ते ४ मध्ये बसलं की घ्या. मेख अशी की बऱ्याच पोत्यांवर कॅल्शियमचा फक्त 'किमान' आकडा असतो आणि आपल्याला धास्ती असते ती जास्तीत जास्त किती याची. कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर प्रत्यक्ष सरासरी आकडा आणि किलोमागच्या कॅलरी विचारा. जी कंपनी हे सांगत नाही, तिचं पोतं मोठ्या जातीच्या पिल्लासाठी घेऊ नका.

बदल सात दिवसांत करा, एकदम केलात तर जुलाब लागतील. पहिल्या दिवसापासून चिकन उकडलेलंच. वजन कच्चं असताना करा, बिनहाडाचं घ्या, कांदा-लसूण-मीठ काही नको. पहिले दोन दिवस ६०० ग्रॅम चिकन आणि १२० ग्रॅम तयार खाणं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ४०० आणि २००. पाचव्या-सहाव्या दिवशी २०० आणि २८०. सातव्या दिवसापासून १०० ग्रॅम चिकन आणि ३३० ग्रॅम तयार खाणं. पहिल्या दोन दिवसांत चिकनवर अंड्याच्या टरफलाची पूड ५ ग्रॅम टाका, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ३ ग्रॅम, नंतर अजिबात नाही. टरफलं दहा मिनिटं उकळा, तव्यावर कोरडी करा, मिक्सरमध्ये पिठासारखी बारीक करा. कणी राहिली तर ती तशीच बाहेर पडते. सपाट एक चहाचा चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम पूड, त्यात जवळपास २ ग्रॅम कॅल्शियम. ही तात्पुरती सोय आहे, कायमची नाही, कारण टरफलात फॉस्फरस जवळपास नसतो, आणि वाढत्या पिल्लाला तोही मांसात असतो त्याहून जास्त लागतो. तीन आठवड्यांची तूट भरून काढायला जादा कॅल्शियम देऊ नका. योग्य आहार सुरू झाला की हाडं आपली आपण भरून घेतात.

१०० ग्रॅम चिकनचा तो वरचा वाटा म्हणजे एकूण कॅलरींचा दहावा हिस्सा. त्याच्यापुढे जाऊ नका, नाहीतर पोत्यातला समतोल मोडतो. कधी चिकनऐवजी एक उकडलेलं अंडं आणि दोन चमचे दही, कधी तारली किंवा बांगडा. मासा उकडूनच, काटे काढून. काही जातींच्या कच्च्या माशांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, तो शिजवल्यावर निघून जातो. तारलीचं तेल मेंदू आणि डोळ्यांच्या वाढीला चांगलं, आणि आपल्या बाजारात ती स्वस्तही मिळते. दिवसाचं खाणं तीन वेळांत वाटा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा. भांडं दिवसभर भरून ठेवू नका.

भांड्यातला आकडा म्हणजे फक्त सुरुवात. खरा निकाल वजनकाट्यावर आणि हाताखाली लागतो. दर रविवारी पिल्लाला उचलून काट्यावर उभ्या राहा, मग एकट्या. फरक वहीत लिहा. या वयात आठवड्याला पाऊण ते एक किलो वाढ ठीक. मग फासळ्या चाचपा. एका हाताची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या टेंगळांवरून फिरवा: फासळ्या अशा लागल्या तर पिल्लू रोड आहे. हात सरळ पसरून मागच्या बाजूनं, बोटांच्या मुळांशी फिरवा: असं लागायला हवं. तळव्यासारखं मऊ लागलं तर जाड झालंय, दहा टक्के कमी करा. आपल्याकडे गुबगुबीत पिल्लाचं कौतुक होतं, शेजारी विचारतात 'खायला घालता की नाही?' विचारू द्या. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरांवर आयुष्यभर चाललेल्या अभ्यासात अर्ध्यांना त्यांच्या जोडीला लावलेल्या भावंडापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं. २००२ साली निकाल आला तेव्हा कमी खाणारे सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगले होते आणि त्यांचे खुब्याचे सांधेही जास्त चांगले राहिले होते.

पायांचं बघू. पुढचे पाय मनगटाशी बसणं आणि बोटं फाकणं हे या वयाच्या जड पिल्लांत बऱ्याचदा दिसतं. त्यात स्नायुबंध सैल पडलेले असतात आणि गुळगुळीत टाइल्सवर घसरून आणखी ताणले जातात. तो खातो, बसतो, झोपतो त्या जागी रबराचे मॅट किंवा जुनी सतरंजी टाका, दिवसातून तीन-चारदा दहा-पंधरा मिनिटं मातीवर किंवा गवतावर मोकळं सोडा. आहार सुधारला की तीन-चार आठवड्यांत पाय उभे राहायला लागतात. पण त्याचा तीन आठवड्यांचा आहार पाहता सोफ्यावरून उडी, जिना, चेंडूमागे धावणं महिनाभर बंद. जिन्यावरून उचलून न्या.

एक्स-रे काढायला उशीर करू नये अशी लक्षणं: लंगडणं, उचलल्यावर ओरडणं, उठायला टाळाटाळ, मनगटाच्या जरा वर गरम आणि दुखरी सूज, सोबत ताप. पाय एकाएकी वाकडा दिसला तर त्याच दिवशी न्या. कराडहून सातारा जिल्ह्यातलंच शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला आवाक्यातलं आहे. तिथे हाडांचा आणि आहाराचा, दोन्हींचा सल्ला मिळू शकेल. यातलं काही दिसत नसेल तर दोन आठवडे थांबा, आणि पाय तिळभरही सुधारले नाहीत तर मग एक्स-रे काढा. तोवर घरातली दुखण्याची गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेननं कुत्र्याच्या जठराला जखमा होतात आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. सिरपाची बाटली डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.

तुम्हाला ताजंच खाणं द्यायचं असेल तर तेही होतं, पण शिजवलेलं आणि पशुआहारतज्ज्ञानं या पिल्लाच्या वजनावर बसवून दिलेल्या पाककृतीनं, त्यात खनिज-जीवनसत्त्वांचं मिश्रण ग्रॅममध्ये तोलून. पाककृती हातात आली की पहिली चाचणी अशी: त्यात कॅल्शियम कुठून येतं आणि किती, हे लिहिलं आहे का? 'थोडी अंड्याची पूड' असं लिहिलेला कागद परत करा. आणि कुकरला तासभर लावून मऊ केलेली हाडं कालवण्याची जी पद्धत घरोघरी आहे, ती मोठ्या जातीच्या पिल्लाला नको. किती कॅल्शियम गेलं ते मोजताच येत नाही, आणि अर्धवट शिजलेलं हाड टोकदार चिरफळून आतड्यात रुततं.

सव्वा वर्षानंतर, हाडांची वाढपट्टी (टोकाजवळची, जिथून हाड लांब वाढतं ती) मिटल्यावर, कच्च्याचा विचार पुन्हा करायचा असेल तर करा, पण घरातली परिस्थिती तेव्हाही हीच असेल तर आमचं उत्तर बदलणार नाही. ती बदलली असेल, तरी फुप्फुस आणि कलेजी शिजवूनच. डुकराचं मांस कच्चं कधीच नाही. वजडी कच्ची नाही. बकऱ्याचा गळ्याकडचा भाग नको, त्यात थायरॉइडची ग्रंथी चिकटलेली असू शकते आणि ती रोज पोटात गेली की कुत्र्याची थायरॉइडची पातळी चढते. नळीचं हाड चघळायला देऊ नका, ना कच्चं ना शिजवलेलं. दाढेचा कपरा उडतो, आणि गोल नळी खालच्या जबड्यात कड्यासारखी अडकली तर ती कापून काढावी लागते. शी खडूसारखी पांढरी, कोरडी, चुरा होणारी दिसली तर हाड जास्त झालंय. असा कुत्रा कुंथून कुंथून थकतो आणि घरचे समजतात बद्धकोष्ठ आहे, वर तूप पाजतात.

राहिले कान. कान कूर्चेचे असतात, हाडाचे नाहीत. कॅल्शियमनं ते उभे राहत नाहीत. शेफर्डचे कान साधारण चार ते सहा महिन्यांत उभे राहतात, आणि नेमके याच काळात दात बदलत असल्यामुळे कधी उभे राहिलेले पुन्हा पडतात, कधी एकच उभा राहतो, कधी दोन्ही डोक्यावर एकमेकांकडे झुकतात. तेवढ्यासाठी घाबरून पुन्हा बाटली काढू नका. त्याला चावायला कडक रबराचं खेळणं द्या, फ्रीझरमध्ये गार केलेलं गाजर द्या. कानांना हात लावून, उभे धरून बघण्याची मुलीची सवय असेल तर ती मोडा, कारण दुमडल्यानं कूर्चा खरंच कमकुवत होते. सहा महिने उलटूनही कान मुळापासून मऊ लोंबत असतील, तर ब्रीडरकडून आईबापांचे फोटो मागवा. त्यात कानांचा खुलासा होईल.